वायरवाला योप, वायरलेसवाला गिरीश आणि मधे शिडी धरलेला मी

आधीच सांगून टाकतो, खाली लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मंजिरीची शपथ!

मंजिरी म्हणजे माझी बायको. तिनं हे वाक्य वाचलं आणि म्हणाली, "शपथ घ्यायची तर स्वतःची घे. मला उद्या लॅबमध्ये चारचौघांना तोंड दाखवायचंय." बरं. मग असं म्हणू, बहुतेक सगळं खरं आहे. जिथे खरं फारच मिळमिळीत निघालं, तिथे मी चिमूटभर मीठ टाकलंय. एके ठिकाणी हात जरा जड पडला असेल.

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. साचतात. तुम्ही कुणाच्या घरी थर्मोस्टॅट बघायला जाता आणि अर्ध्या तासात त्या घरात कोणाला थंडी वाजते, कोणाला उकडतं, कोण गुपचूप वाढवतं आणि कोण त्याहून गुपचूप कमी करतं, ते सगळं कळतं. नेदरलँड्समधल्या मराठी संसारांतली निम्मी भांडणं एकोणीस आणि बावीस या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत होतात. बाकीची निम्मी भाजीवरून.

आमचं दुकान बाडहूव्हडॉर्पला. विमानतळ इतका जवळ, की विमान डोक्यावर आलं की वाक्य अर्धं ठेवायचं, ते गेलं की पुढे चालू करायचं. इथे रागसुद्धा हप्त्याहप्त्यानं येतो.

दुकानात आम्ही तिघं. मालक योप. साठीचा डच माणूस, उंची अशी की बल्ब बदलायला स्टूल लागत नाही. उभा जन्म बॉयलर दुरुस्त करण्यात गेला. दुसरा गिरीश, मिरजेचा. आयटी कंपनीत होता, कायमचं राहायची परवानगी मिळाल्यावर नोकरीवर पाणी सोडून आमच्यात आला. अ‍ॅप, वायफाय, मोबाइलवरून घर गरम करणं, हे सगळं त्याचं खातं. तिसरा मी. लोक बापू म्हणतात. मंजिरीला लायडनला संशोधनाची नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाला लटकून मी आलो. माझ्या कागदावर 'डिपेंडंट' लिहिलं होतं. पुण्यात माझं गीझर दुरुस्तीचं दुकान होतं. इथे सुरुवात 'शिडी धर'पासून झाली. आजही बरीचशी शिडीच धरतो.

इथल्या घराची रचना ठरलेली. रेडिएटरांचं पाणी तापवणारा बॉयलर वर पोटमाळ्यावर, किती तापवायचं ते सांगणारा थर्मोस्टॅट खाली बैठकीच्या खोलीत. दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं? योप म्हणणार, वायरनं. गिरीश म्हणणार, वायरलेसनं. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमारास मोबाइलवरचे थर्मोस्टॅट आले आणि हा वाद पेटला तो पेटलाच. मी मधे. मला कोणीही जिंकलेलं चालायचं, फक्त बॉयलर खाली असता तर! ते जिने इतके उभे की चढताना नाक पुढच्या पायरीला लागतं. माझे गुडघे या देशानं खाल्ले.

*

गिरीशच्या आईचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा गिरीश कळणार नाही.

आई मिरजेत एकट्या. "पाच वर्षांत परत येतो" म्हणून हा निघाला होता. मग त्यानं इथे घर घेतलं. पेढे घ्यायच्या आधी आईला फोन केला. आई म्हणाल्या, "घर घेतलंस? म्हणजे संपलंच की." आणि फोन ठेवला. त्यानंतर उचलला नाही.

हा रोज दुपारी डबा उघडायच्या आधी फोन लावायचा. स्पीकरवर. रिंग वाजून वाजून बंद पडायची. मग शेजारच्या काकूंना फोन. त्या सांगायच्या, "बऱ्या आहेत. आत्ता आमच्याच ओट्यावर शेंगा सोलतायत. देऊ का? ... नको म्हणतायत."

मग तो डबा उघडायचा.

योपला मराठी कळत नाही, पण रिंगला भाषा लागत नाही. एकदा त्यानं विचारलं, "तुझी आई भांडते का?"

"नाही."

"मग वाईट आहे," योप म्हणाला आणि आपल्या ब्रेड-चीजकडे वळला. "भांडत असती तर लाइन चालू असती."

*

केतकरांची तक्रार : घर फक्त सकाळ-संध्याकाळ गार पडतं. आम्ही दुपारचे जायचो. सगळं ठणठणीत! वायर तपासली, बॉयलर तपासला, रेडिएटरमधली हवा काढली. परत आलो की त्याच संध्याकाळी फोन : "बापू, गारठलो हो!"

शेवटी एकदा मुद्दाम संध्याकाळी तिघंही गेलो. भिंतीवर थर्मोस्टॅट. त्याच्या बरोबर खाली फळीवर देवघर. देवघरात वहिनींनी नुकतीच समई लावलेली, पाचही वाती. ज्योतीची ऊब सरळ वर. थर्मोस्टॅट बिचारा दाखवतोय सत्तावीस! त्याच्या मते घरात उन्हाळा होता. बॉयलर बंद. आणि केतकर सोफ्यावर कानटोपी घालून.

योपनं बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाला, "त्यांना सांग, मेणबत्ती हलवा."

"ती मेणबत्ती नाही."

"मग?"

"देव आहेत."

योपनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तेवढी त्याला रीत आहे. मी वहिनींना विचारलं.

"हे बघा बापूभावजी," वहिनी म्हणाल्या, "या घरात ईशान्येचा कोपरा हा एवढाच आहे. देव हलायचे नाहीत. तुमचं यंत्र हलवा."

यंत्राची वायर भिंतीत. हलवायची तर भिंत फोडायची. घर भाड्याचं. अशा पेचात मागून गिरीशचा आवाज आला, "वहिनी, वायरलेस!" जणू साक्षात प्रकटच झाला!

परतताना गाडीत योपनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. म्हणाला, "तुझ्याकडून हरलेलो नाही, गिरीश. हे लक्षात ठेव. मी वरच्याकडून हरलोय."

*

आता केतकरांकडे वायरलेस बसला. छोटा, पांढरा, कुठेही उचलून ठेवता येणारा. तिथेच घात झाला.

त्या हिवाळ्यात केतकरांचे वडील आप्पा राहायला आले. त्यांना कोणीतरी सांगितलं, "आप्पा, याच्यावर घराची ऊब चालते." आप्पांनी तो ताब्यात घेतला. सकाळी टेबलावर स्वतःसमोर, दुपारी मांडीवर. आणि झोपताना? दुलईत, छातीशी!

पुन्हा फोन. पुन्हा मी. घरात केतकर ओव्हरकोटमध्ये, वहिनी दोन स्वेटरांत, मुलगी इंग्रजीत कुरकुरतेय. आप्पा पलंगावर दुलई गळ्यापर्यंत ओढून, टवटवीत.

"आप्पा, ते यंत्र जरा बाहेर काढा बघू."

"का? उत्तम चाललंय! हे बघ," आप्पांनी दुलईतून हात बाहेर काढून दाखवलं, "सव्वीस!"

"ते सव्वीस तुमचं आहे, आप्पा! घर चौदावर आहे!"

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओव्हरकोटातल्या मुलाकडे.

"मग ह्यांनाही एकेक आणून दे," म्हणाले आणि हात पुन्हा आत घेतला.

*

योप या गोष्टी इतर डच कारागिरांना रंगवून सांगायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य : "वायरला पाय नसतात." गिरीशला हे झोंबायचं. म्हणून पुढचा किस्सा मी अगदी न्यायबुद्धीनं सांगतो.

झुइडओस्टला जोगळेकरांच्या घरी जुनी वायर तुटली होती. गिरीश म्हणाला वायरलेस लावू. योप म्हणाला, "बाजूला हो, मुला." मग त्यानं नवी वायर ओढली. काम देखणं! कोपऱ्याकोपऱ्यानं, खिळ्याखिळ्याला समान अंतर. बघून डोळे निवावेत. फक्त खाली मीटरच्या कपाटात दोन बारीक वायरी सारख्याच दिसत होत्या. एक थर्मोस्टॅटची, एक दारावरच्या बेलची.

आठवड्यानं जोगळेकरांचा गणपती बसला. आम्हा तिघांना सहकुटुंब आमंत्रण. दारात पोचलो, बेल दाबली, आणि वर माळ्यावर बॉयलर 'भक्क' करून पेटला. आम्हाला काय कल्पना! मागून कुणीतरी आलं. बेल. भक्क. दर्शनाला माणसं येतायत, बेल वाजतेय, रेडिएटर तापतायत. सप्टेंबरातली बरी हवा, घरात चाळीसएक माणसं, बायका पैठण्यांत, पुरुष रेशमी कुर्त्यांत. आरतीला उभे राहिलो तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते भक्तीचं नव्हतं! मोदकपात्राला शेगडीची गरज उरली नव्हती. एक काकू तर म्हणाल्या, "अगदी दादरच्या मंडपात उभं राहिल्यासारखं वाटतंय हो!" आणि त्यांनी डोळे मिटले.

(मंजिरी म्हणते, माणसं पंधरा होती आणि मोदक शेगडीवरच झाले. असेल.)

गिरीशला आरतीच्या मध्येच कळलं. टाळ्या वाजवता वाजवता तो जाऊन मीटरचं कपाट उघडून आला आणि हसत सुटला. योप टाळ हातात घेऊन घामानं निथळत उभा.

"योप! तू बेल जोडलीस बॉयलरला!"

योपनं कपाट पाहिलं. वायरी पाहिल्या. टाळ खाली ठेवला नाही.

"असेल," म्हणाला. "पण एक तरी बेल चुकली का?"

*

गिरीशचं आणि माझं पाप म्हणजे तांब्यांचं घर.

तांबे आणि त्यांच्या शेजारच्या डच आजीबाई, दोघांनी एकाच दिवशी वायरलेस घेतले. एकाला एक चिकटलेली घरं. माळ्यावर मधली भिंत सामाईक, तिच्या अलीकडे एक बॉयलर, पलीकडे दुसरा. वायरलेसची जोडी लावायची पद्धत सोपी : बॉयलरकडचं बटण दाबायचं, थर्मोस्टॅटचं बटण दाबायचं, दिवा लुकलुकला की जमली सोयरीक. गिरीश एका घरात, मी दुसऱ्यात. वेळ वाचवावा म्हणून दोघांनी एकदमच दाबलं. दोन्हीकडे दिवे लुकलुकले. आम्ही खूश! पण नवरा-नवरीची अदलाबदल झालेली.

तांब्यांनी तेवीस लावलं. आजीबाईंचं घर तापलं. आजीबाई सतराच्या माणूस. त्यांनी आपलं कमी केलं. तांब्यांचं घर गार. तांब्यांनी पंचवीस केलं. आजीबाईंनी पंधरा. तांबे अठ्ठावीस! आजीबाईंनी बंदच करून खिडक्या उघडल्या.

तांब्यांच्या घरात पोरं हातमोजे घालून गृहपाठ करतायत. इकडे आजीबाईंना वाटलं आपल्याला ताप आहे. त्या डॉक्टरकडे गेल्या. इथला डॉक्टर जे सांगतो तेच त्यानं सांगितलं : दोन पॅरासिटामॉल आणि बरं नाही वाटलं तर दोन आठवड्यांनी या.

आम्ही जाऊन अदलाबदल मोडली. माफी मागितली. योप मुद्दाम सोबत आला होता, फक्त बघायला. त्याला इतकं आनंदात मी त्याच्या नातीच्या वाढदिवसालाही पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आजीबाईंचा फोन. मी घाबरतच घेतला.

"ते पुन्हा पहिल्यासारखं करता येईल का?"

"म्हणजे कसं?"

"माझं त्यांच्याकडे," आजीबाई म्हणाल्या. "मला स्वतःला वाढवायला हात होत नाही. ते शेजारी वाढवायचे तेव्हा फार छान होतं."

*

तांब्यांचाच अजून एक. लहान आहे.

भारताची मॅच. तांब्यांचा फोन.

"बापू, थर्मोस्टॅटचा डिस्प्ले कोरा झालाय. घर गार पडलंय."

"बॅटऱ्या बघा आतल्या."

मागे कॉमेंटरी.

"तांबे, बॅटऱ्या आहेत का आत?"

"आत नाहीत."

"मग कुठायत?"

"रिमोटमध्ये." मग आवाज खाली घेऊन, "हिला बोलू नका. एवढी ओव्हर संपू दे, घालतो."

*

दिवाळीत गिरीशनं शोध लावला, की आमच्या बऱ्याच मराठी घरांचा वायरलेस सिग्नल दिवाळीतच मरतो. दुकानात बसून त्याला कॉम्प्युटरवर सगळ्यांचे सिग्नल दिसायचे. डच घरं ठीक. मराठी घरं एकामागून एक अंधारात!

मी जिने चढलो. माझेच गुडघे, दुसरं कोण! माळ्यावर बॉयलरच्या अंगाला स्टीलचे मोठाले डबे. चकली, शेव, चिवडा, अनारसे. मुलांपासून लपवायला प्रत्येक घरात हीच एक जागा सुचलेली. सिग्नलचा डबा त्या डब्यांच्या तटबंदीत कैद.

मी काही हलवलं नाही. आपोआप सुटतं ते. फराळ संपत जातो तसा सिग्नल सुधारतो. गिरीश तर पुढे पुढे दुकानातून सांगायला लागला, "केतकरांकडे दोन काड्या आल्या. म्हणजे चकली संपली. चिवडा अजून पुष्कळ आहे." मी पडताळायला जायचो. बरोबर निघायचं! ताटलीभर घेऊनच यायचो.

त्याच्या स्वतःच्या घरचा सिग्नल त्या दिवाळीत पहिल्या दिवसापासून भरपूर होता. दरवर्षी मिरजेहून पार्सल यायचं. त्या वर्षी आलं नाही. योपनं विचारलं, "तुमच्याकडे डबे नाहीत?" मी त्याला खुणेनं गप्प केलं आणि नेमकं विमान आलं, बरं झालं.

*

आता शेवटचा. हा गिरीशच्याच घरचा.

थंडी पडली आणि गिरीशच्या घराचा पारा आपोआप चढायला लागला. हा झोपताना सोळा लावायचा, इथल्या रीतीप्रमाणे. सकाळी उठावं तर चोवीस! हा कमी करायचा, ऑफिसला निघालेली त्याची बायको अश्विनी कोट चढवेपर्यंत पुन्हा चोवीस.

आधी त्यानं अश्विनीवर संशय घेतला. अश्विनीनं त्याच्यावर. दोन दिवस घरात थर्मोस्टॅट सोडून कोणी कोणाशी बोललं नाही. मग त्याला तांब्यांचं घर आठवलं, म्हणून शेजाऱ्याच्या बॉयलरपर्यंत तपासून झालं. मग कुणीतरी हॅक केलंय म्हणाला. पासवर्ड मात्र बदलेना, म्हणे, "चोर पकडायचाय." आम्हाला सकाळ-संध्याकाळ हाच विषय. ऐकून ऐकून माझे कान गेले. गुडघे आधीच गेले होते.

योपला तर पर्वणीच! "हवेत सोडलेली गोष्ट," तो म्हणाला, "कोणाच्याही हाताला लागते. वायर टाक. वायरला बाहेरचं कोणी हात लावू शकत नाही."

आणि आश्चर्य म्हणजे गिरीश हरला. "टाक," म्हणाला. "साधा भिंतीवरचा थर्मोस्टॅट टाक. इंटरनेट नको, अ‍ॅप नको, काही नको."

शनिवारी सकाळी आम्ही त्याच्या घरी. योपनं इस्त्रीचा शर्ट घातलेला. ड्रिल, वायरीचं भेंडोळं, सगळं पसरून झालं. मी शिडी धरली. गिरीशनं जुना थर्मोस्टॅट काढायच्या आधी शेवटचं म्हणून मोबाइलवर बघितलं आणि ओरडला, "हे बघा! आत्ता! आपल्या डोळ्यांदेखत! चोवीस केलं!"

खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की बदल टॅबवरून केला. त्याच्याच टॅबवरून.

"अश्विनी, आपला जुना टॅब कुठाय गं?"

अश्विनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "तो कुठला इथे? तो आईंकडे आहे ना. मागच्या खेपेला व्हिडिओ कॉलसाठी तूच ठेवून आलास."

विमान गेलं. ते गेल्यावरही अश्विनी कोरडे हात पुसतच होती.

टॅबवर त्याचं सगळं तसंच राहिलं होतं. त्यात त्याच्या खात्याचं हे अ‍ॅपही, म्हणजे नव्या घराचा आकडा तिथेही दिसणारच. इंग्रजी येत नसेना का, वरचा मोठा आकडा कळतो. घरात सोळा. बाजूला वर जाणारा बाण. मिरजेत कोणी सोळा डिग्रीत लेकराला झोपू देतं?

योपला काही कळलं नव्हतं. तो भिंतीवर पेन्सिलीनं खूण करत होता. "इथे भोक पाडू?"

"थांब," गिरीश म्हणाला.

त्यानं मोबाइलवर चौदा केलं. आम्ही सगळे बघत उभे. काही झालं नाही. अश्विनीनं चहा टाकला. चहा झाला. घर गार व्हायला वेळ लागतो, म्हणून यानं खिडकीही उघडली, बाहेर बर्फाळ वारा, आणि आम्ही कोट घालून त्याच्या बैठकीत मयताला आल्यासारखे बसलो. पारा एकोणीस. अठरा. सतरा झाला आणि आकडा हलला.

चौदाचे बावीस.

गिरीशनं पुन्हा चौदा केलं. लगेच चोवीस. यानं बारा केलं. पंचवीस! यानं दहा. पलीकडून सरळ तीस! बॉयलर माळ्यावर नुसता गर्जत होता. गिरीशचा अंगठा आकड्यावरून हटत नव्हता आणि तो हसत होता की काय, मी तिकडे बघितलं नाही.

योप माझ्या कानाशी आला. "कोण आहे ते?"

"त्याची आई."

"काय म्हणतेय?"

"भांडतेय," मी म्हटलं.

योपनं भिंतीवरची पेन्सिलीची खूण अंगठ्यानं पुसली. ड्रिल पेटीत ठेवलं. वायरीचं भेंडोळं गुंडाळून खांद्याला अडकवलं आणि मला म्हणाला, "चल. इथली लाइन चालू आहे."

आम्ही दारात बूट घालतोय तेवढ्यात घरातला फोन वाजला. गिरीशनं उचलला. स्पीकर नव्हता, तरी आम्हाला दारापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. "मेल्या, खिडकी उघडी टाकून बसलायस का? घर घेता येतं, ते लावून घेता येत नाही?"

...

मंजिरीनं इथपर्यंत वाचलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. ठीक आहे, सांगतो. तो फोन मी घातलाय. फोन आला नाही, अजूनही येत नाही. पाऱ्याचं मात्र सगळं खरं आहे. गिरीश रोज झोपताना खिडकी जरा किलकिली ठेवतो.